चालत्या यंत्राचे स्थलांतर

‘क्लाउड’ हा शब्द थोडा फसवाच. ढगाला पत्ता नसतो. पण ढगातला म्हणवणारा प्रत्येक आभासी संगणक कुठल्यातरी इमारतीतल्या खऱ्या सर्व्हरवर राहत असतो, आणि एकेका सर्व्हरवर अशी अनेक बिऱ्हाडे असतात. तो सर्व्हर दुरुस्तीला काढायचा झाला, तर या बिऱ्हाडांचे काय?

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कोपनहेगनच्या सहकाऱ्यांसह २००५ साली यावर मांडलेली युक्ती मला फार देखणी वाटते. आभासी संगणक चालू असतानाच त्याच्या मेमरीची पाने दुसऱ्या सर्व्हरवर उतरवायची. दरम्यान जी बदलली तेवढीच पुन्हा उतरवायची. मग त्या वेळात बदललेली पुन्हा. बहुधा दर फेरीला काम कमी होत जाते. मोजकी पाने उरली की संगणक क्षणभर थांबवून ती न्यायची आणि नव्या जागी तो पुढे चालू करायचा. त्यांनी ‘क्वेक ३’ या खेळाचा सर्व्हर खेळ रंगात असताना असा हलवला. खंड पडला तो ६० मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो!

पण या युक्तीला जुना सर्व्हर शेवटपर्यंत जिवंत लागतो. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ‘ओव्हीएच’ कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि पाच मजली इमारत भस्मसात झाली. तिथे हलवायला काही उरलेच नाही. एका ग्राहकाने बॅकअपचे वेगळे पैसे मोजले होते, पण प्रतही त्याच इमारतीत होती. २०२३ साली लील येथील व्यापारी न्यायालयाने त्याला भरपाई देण्याचा निकाल दिला.

म्हणून अवचित संकटासाठी दुसरा संगणक आधीपासूनच दुसऱ्या इमारतीत, वेगळ्या वीजपुरवठ्यावर उभा ठेवावा लागतो. ‘९९.९९ टक्के उपलब्धता’ म्हणजे महिन्याला जेमतेम सव्वाचार मिनिटांची सुट्टी. तेवढ्यात माणूस उठून काही करू शकत नाही, दुसऱ्याने आपोआपच सूत्रे घ्यायला हवीत.

मग ती इमारत किती दूर असावी? प्रत्येक नोंद दोन्हीकडे एकाच वेळी व्हायची, तर शंभर किलोमीटरच्या जाण्यायेण्याला काचतंतूतून किमान एक मिलिसेकंद जातो, आणि हजारो नोंदींना तो जाणवतो. शहर सोडून फार लांब ठेवलेली प्रत त्यामुळे बहुधा काही सेकंद मागे चालते. त्या सेकंदांतल्या नोंदी गमावणे परवडते का, हे कंपनी नाही, ग्राहकच ठरवतो. बऱ्याचदा, न ठरवता.