ऑनलाइन कोर्स करून जमीन-घरांचे व्हॅल्युअर होता येते का?



बारावीनंतर काय, हा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, तो व्हॅल्युअरचा कोर्स ऑनलाइन असतो म्हणतात, मग पोराला लगेच लावू का?" याचं उत्तर अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे. फी भरण्याआधी हे दोन्ही अर्धे नीट समजून घ्यायला हवेत.

व्हॅल्युअर म्हणजे जमीन, घर, दुकान यांची किंमत कागदावर कारणांसह मांडणारा माणूस. बँकेचं कर्ज, भावाभावातली वाटणी, बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता, अशा ठिकाणी त्याचा अहवाल लागतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 247 खालच्या कामासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरच लागतो. त्याचे नियम 2017 मध्ये आले आणि ही नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय, करते. कर्जाच्या कामासाठी बँका आपापलं पॅनेल ठेवतात.

क्रम कसा आहे?

आधी पदवी. 'जमीन व इमारत' या गटासाठी सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा नगररचना यांतली पदवी लागते. नुसत्या पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावर भागत नाही. पदवीनंतर त्या क्षेत्रातला 5 वर्षांचा अनुभव हवा. पदव्युत्तर शिक्षण असेल तर 3 वर्षं पुरतात. मग आयओव्ही रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स फाउंडेशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं सदस्यत्व घ्यायचं आणि त्यानंतर 50 तासांचा अभ्यासक्रम करायचा.

ऑनलाइन आहेत ते हे 50 तास! 2020 मध्ये कोरोनाच्या काळात हा अभ्यासक्रम ऑनलाइन घेण्याची मुभा मिळाली. पुसद किंवा वणीच्या नोकरदार इंजिनिअरला ही खरोखर मोठी सोय आहे, कारण रजा टाकून शहरात खोली घेऊन राहायची गरज उरली नाही. परीक्षा संगणकावर असते, पण केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. उत्तीर्ण व्हायला 60 टक्के गुण लागतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पास झाल्यावर नोंदणीचा अर्ज तीन वर्षांच्या आत करावा लागतो.

आता बारावीच्या मुलाचा हिशेब करा. पदवीची 4 वर्षं आणि अनुभवाची 5, म्हणजे नऊ वर्षं झाली. त्यात घरबसल्या करता येणारा भाग फक्त 50 तासांचा.

जे स्क्रीनवर दिसत नाही

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच भागात काळी कपाशीची जमीन आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि त्यावरच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. तडा नुसत्या गिलाव्याचा आहे की पाया हललाय, हे जागेवर उभं राहूनच कळतं.

सातबाराचंही तसंच. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या भागात आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ नुसार अशी जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. भोगवटादार वर्ग-2 च्या जमिनीवरही बंधनं असतात. शेजारच्या मोकळ्या विक्रीच्या प्लॉटचा भाव पाहून अशा जमिनीला तीच किंमत लावली, तर अहवाल सरळसरळ चुकला. त्यावर कर्ज देणारी बँक अडकते आणि घेणारं कुटुंबही अडकतं. रेडी रेकनरचा दर म्हणजेच बाजारभाव, असं बरेच जण धरून चालतात. तो दर मुळात मुद्रांक शुल्कासाठी असतो.

वर्गात घेता येईल असं एक गणित

समजा 900 चौरस फुटांचं 20 वर्षं जुनं घर आहे. आज तसंच घर बांधायला चौरस फुटाला 1,800 रुपये लागतात, म्हणजे एकूण 16,20,000 रुपये. घराचं आयुष्य 60 वर्षं धरलं आणि शेवटी 10 टक्के किंमत उरते असं मानलं. मग 60 वर्षांत 90 टक्के घसारा, म्हणून 20 वर्षांत 30 टक्के. तो 4,86,000 होतो. घराची आजची किंमत उरली 11,34,000 रुपये. जागेची किंमत वेगळी काढून यात मिळवायची. ही झाली खर्चाची पद्धत. याशिवाय शेजारच्या व्यवहारांशी तुलना करून, किंवा दुकान असेल तर भाड्याच्या उत्पन्नावरून किंमत काढतात. आठवी-नववीच्या मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण द्या, घराचा विषय असला की पोरं लक्ष देतात.

मुलाला यात रस असेल तर आधी सिव्हिलच्या पदवीचं बघा. यवतमाळ आणि पुसदला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पदवीनंतरच्या वर्षांत एखाद्या अनुभवी व्हॅल्युअरच्या हाताखाली जागा मोजायला, दुय्यम निबंधक कार्यालयातल्या खरेदीखतांचे दर काढायला जाऊ द्या. आणि कोणत्याही संस्थेला पैसे देण्याआधी तिचं नाव आयबीबीआयच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत आहे का, ते तपासा.