हळदीकुंकवातला कॅटलॉग

संक्रांतीचे हळदीकुंकू असो वा भिशीचा दिवस, चहापाणी आटोपले की एखादी मैत्रीण पिशवीतून गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग काढते. कुणी हातावर क्रीम लावून पाहते, कुणी लिपस्टिकची छटा न्याहाळते. प्रवरेकाठच्या बेलापूरपासून पुण्या-मुंबईपर्यंत हे दृश्य सर्वपरिचित आहे. ‘थेट विक्री’ म्हणतात ती हीच. तिला दुकान लागत नाही. दुकानाचे काम ओळख करते.

कल्पना जुनीच. अमेरिकेत डेव्हिड मॅकॉनेल हा गृहस्थ घरोघर पुस्तके विकत असे. पुस्तकांसोबत भेट दिलेले अत्तरच गिऱ्हाइकांना अधिक आवडते, हे पाहून त्याने १८८६ मध्ये अत्तराचा धंदा सुरू केला आणि विक्री स्त्रियांवर सोपविली. तीच पुढे ‘एव्हॉन’ झाली. भारतात १९९० च्या दशकात ओरिफ्लेम, मोदीकेअर, अ‍ॅमवे आल्या. घर सांभाळून चार पैसे मिळविण्याचा हा मार्ग अनेकींना आपलासा वाटला, आणि त्यात गैर काहीच नव्हते.

मात्र येथे कमाईच्या दोन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते. पहिली विक्रीची. समजा, ५०० रुपयांचे क्रीम विक्रेतीला ४०० रुपयांना मिळाले, तर तिचे १०० रुपये सुटतात. महिन्याला २,००० रुपये हवे असतील तर २० क्रीमे खपली पाहिजेत. तीही दर महिन्याला. गावातल्या मैत्रिणी लवकरच संपतात. मग दुसरी वाट खुणावते : स्वतः विकण्याऐवजी विकणाऱ्या जमवायच्या आणि त्यांच्या खरेदीवर वाटा घ्यायचा. एकीने सहा जणी आणल्या, त्या प्रत्येकीने आणखी सहा, असे धरल्यास सहाव्या पायरीवर ४६,६५६ स्त्रिया लागतात. एवढ्या बेलापुरात आणायच्या कोठून? शिवाय साखळीत सर्वाधिक संख्या नेहमी शेवटच्या पायरीवर असते, आणि तिच्याखाली कुणीच नसते.

खरा तोटा तर वहीत दिसतच नाही. महिनाअखेरचे उद्दिष्ट गाठण्यासाठी विक्रेती स्वतःच माल घेते, तो कपाटात पडून त्याची मुदत संपते. मैत्रिणीला ‘नको’ म्हणता येत नाही, उधारी राहते आणि जाणे-येणे टाळले जाते. दुकानदाराशी बिनसले तर दुसरे दुकान असते. जावेशी बिनसले तर?

केवळ माणसे जोडण्यावर पैसे देणाऱ्या साखळी योजनांना १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीसाठी स्वतंत्र नियम आले. पिरॅमिड योजना चालविणे आणि प्रवेशशुल्क घेणे त्यांनुसार निषिद्ध आहे. विक्रेतीने ओळखपत्राशिवाय व पूर्वसंमतीशिवाय कुणाच्या घरी जाऊ नये, असेही त्यांत आहे. (बालमैत्रिणीकडे ओळखपत्र मागणार कोण, हा प्रश्न निराळा!) एप्रिल २०२२ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पिरॅमिड पद्धतीच्या आरोपावरून अ‍ॅमवेची सुमारे ७५७ कोटी रुपयांची मालमत्ता तात्पुरती जप्त केली; आपण कायद्याचे पालन करतो, अशी कंपनीची भूमिका होती.

सामील होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : एकही नवी सदस्य न आणता, केवळ माल विकून मला किती मिळेल? उत्तरात आकड्याऐवजी स्वप्ने आली, तर नाव नोंदवू नये. न खपलेला माल परत घेण्याची अट लेखी घ्यावी. विक्रेतीने विकलेल्या मालाच्या तक्रारीला कंपनीच जबाबदार असते. तिने दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते.