आकान संभाषणातील वक्त्याची भूमिका

बोलताना मनुष्य नुसती माहिती देत नाही. त्या माहितीशी आपले नाते काय, तिची जबाबदारी आपण कितपत पत्करतो, हेही तो सुचवीत असतो. वक्त्याच्या या भूमिकेचा विचार घाना व आयव्हरी कोस्ट या देशांत बोलल्या जाणाऱ्या आकान भाषेच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल. त्वी आणि फान्ते ही तिची प्रमुख रूपे होत. बाझेल मिशनच्या क्रिस्टालरने १८७५ साली तिचे व्याकरण व १८८१ साली तिचा कोश प्रसिद्ध केला. तेव्हापासून तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास चालू आहे.

भूमिका दर्शविणारी साधने म्हटली की प्रथम लक्ष जाते ते लहान अव्ययांकडे. ‘कोफी म्पो बाए’ म्हणजे ‘कोफीसुद्धा आला’. त्याच्या येण्याची अपेक्षा नव्हती, हे ‘म्पो’ सांगते. ‘कोफी दिए, ओबेबा’ म्हणजे ‘कोफी म्हणाल तर तो येईल’. इतरांची शाश्वती वक्ता देत नाही. ‘सेसेइ आरा’ मधील ‘आरा’ आपल्या ‘आत्ताच’ मधील ‘च’सारखे आहे. निषेधाला धार आणणारे ‘कोरा’ आणि प्रशंसेला बळ देणारे ‘पा’ यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला ही अव्यये परकी वाटणार नाहीत.

परंतु आकान भाषेचे खरे वैशिष्ट्य या अव्ययांत नसून उच्चारलेल्या शब्दाचा भार कोणी वाहावयाचा याच्या व्यवस्थेत आहे, असे आम्हांस वाटते. ‘सेबे’ हा शब्द घ्या. मलमूत्र, शारीरिक व्यंग किंवा दुसरी एखादी अवघड गोष्ट बोलणे भाग पडले, तर वक्ता तिच्या उच्चाराआधी, कित्येकदा वाक्याच्या मध्येच, ‘सेबे’ म्हणतो. त्याचे भाषांतर ‘क्षमा असावी’ असे करता येईल. पण ही घडलेल्या अपराधाची क्षमा नव्हे. नियम मला ठाऊक आहे आणि तो मी जाणूनबुजून, नाइलाजाने ओलांडीत आहे, अशी ती पूर्वसूचना होय. ‘सेबे’ गाळून तेच वाक्य उच्चारले, तर माहिती तीच राहते. वक्ता मात्र असभ्य ठरतो. विनंतीच्या ‘मेपा वो चेव’ या रूढ शब्दप्रयोगातही असाच संकेत गोठलेला आहे. त्यात ‘चेव’ म्हणजे टोपी. ती उतरविण्याची कृती शब्दांत उरली आहे.

म्हणींचा उपयोगही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. क्रिस्टालरने १८७९ साली ३,६०० म्हणी छापल्या, पण संग्रहातील म्हण आणि संभाषणातील म्हण यांत अंतर आहे. वडीलधाऱ्यांसमोर तरुणाने म्हण वापरणे हे त्यांची बरोबरी करण्यासारखे. म्हणून तो ‘वडील मंडळी असे म्हणतात’ अशी पुस्ती जोडून तिचे कर्तृत्व त्यांच्याकडेच सोपवितो. मत त्याचे असते, अधिकार त्यांचा. राजसभेत याच वृत्तीला संस्थेचे रूप आले आहे. तेथे राजाचे बोलणे ‘ओचेआमे’ नावाचा मध्यस्थ सभेपर्यंत पोहोचवितो व सभेचे राजापर्यंत. क्वेसी यांका यांनी १९९५ सालच्या ग्रंथात या प्रथेचे सविस्तर विवेचन केले आहे. राजाचा मृत्यूही उघड शब्दांत सांगत नाहीत. महावृक्ष उन्मळून पडला, असे म्हणतात.

सर्वांत बिकट प्रकार ‘अकुतिया’ हा होय. ज्याला टोचावयाचे तो ऐकण्याच्या टप्प्यात असतो. पण नाव घेतले जात नाही आणि बोलणे वरकरणी तिसऱ्याशीच चाललेले असते. त्याने आक्षेप घेतला, तर टोपी आपल्याच डोक्यावर बसली हे त्याने स्वतःच कबूल केले असे होते. गप्प राहिला, तर अपमान पचवावा लागतो. (आपल्याकडील ‘लेकी बोले सुने लागे’ हा प्रकार याच कुळीतला.) अशा वाक्याचे लिप्यंतर करून त्याचे पदच्छेद कितीही काळजीपूर्वक केले, तरी त्यात रोष कोठेच सापडणार नाही, कारण तो वाक्यात नसतोच. तेव्हा आकान संभाषण ध्वनिमुद्रित करणाऱ्या अभ्यासकाने कोण काय बोलले याच्या जोडीला कोण जवळ बसले होते, त्यांचे परस्परांशी नाते काय आणि कोण एकाएकी गप्प झाले, याचीही नोंद ठेवली पाहिजे.