तान्ह्या बाळाचा ढेकर

अंगावर पिणाऱ्या नवजात बालकाच्या पोटात दुधाबरोबर थोडी हवाही जाते. ती साचल्यास बाळ अस्वस्थ होते, वा दूध बाहेर टाकते. म्हणून पाजून झाल्यावर बाळास उभे धरून खांद्याशी घ्यावे, मानेस आधार द्यावा व पाठीवरून हळुवार हात फिरवावा. स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात नीट गेला, तर हवा मुळातच कमी जाते. त्यामुळे काही मिनिटांत ढेकर आला नाही तरी चिंता नसावी. बाळ शांत असल्यास त्यास उताणे निजवावे.

खरा धोका निराळाच आहे. ‘पोटात वायू धरला’ या समजुतीने घुटी, मध वा ग्राईप वॉटर पाजले जाते. वस्तुतः पहिले ६ महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचीही गरज नसते; मध तर वर्षाच्या आत देऊच नये. हिरवी उलटी, फुगलेले पोट किंवा दूध न ओढणे ही मात्र तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत आशा स्वयंसेविकेच्या ६ गृहभेटी ठरलेल्या असतात. त्या वेळी मातेबरोबरच घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनाही ही माहिती मिळेल, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. घुटीचा निर्णय बहुधा त्यांच्याच हाती असतो.