भाऊसाहेब बेपत्ता का राहिले?

जुन्नरहून घाटघर ओलांडले की नाणेघाटाचे तोंड लागते. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. पती सातकर्णी गेल्यानंतरचे तिचे व्रतस्थ जिणे, महिन्याचे उपवास, घरात राहून पाळलेला तापसधर्म हे सारे त्यात नोंदले आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजा गेला, हे तिथे उघड गृहीत धरले आहे. त्यानंतर सुमारे अठरा शतकांनी पुण्यात नेमके उलटे घडले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई १७८३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, सौभाग्यवती म्हणून राहिल्या. भाऊंचे काय झाले, हे कोडे आपण अजून उगाळतो. माझे म्हणणे असे की भाऊ बेपत्ता राहिले ते पुराव्याअभावी नव्हे. त्यांचा मृत्यू जाहीर करणे ज्यांच्या हाती होते, त्यांना ते करायचे नव्हते किंवा परवडत नव्हते.

पुरावा काय आहे ते आधी पाहू. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरचा काशीराज पंडित पानिपतावर हजर होता. प्रेतांच्या राशीत एक शिर नसलेला देह सापडला, अशी हकीकत तो देतो आणि ओळखीच्या खुणाही सांगतो: मांडीवरचा रुपयाएवढा काळा डाग, तळपायावरच्या शुभ रेषा आणि पाठीवरचा जुना वण. हा वण मुजफ्फरखान गारद्याने पूर्वी केलेल्या हल्ल्याचा. काशीराजाने हे लिहिले ते जवळपास वीस वर्षांनी, हा आक्षेप रास्त आहे. गारद्याचा हल्ला सर्वश्रुत होता, तेव्हा तो वण मागाहूनही रचता आला असता, हेही मान्य. म्हणून काशीराजाला क्षणभर बाजूला ठेवू. भाऊ जिवंत हाती लागले असते तर विजयी अब्दालीला त्यांच्याएवढा मोलाचा ओलीस दुसरा कोण मिळणार होता? असा कैदी कोणी लपवून ठेवत नाही, त्याचा सौदा करतो. आणि निसटले असते, तर सूरजमल जाटाचा मुलूख फार लांब नव्हता. पळालेल्या मराठ्यांना त्याने आसरा दिला. पार्वतीबाईही तिथूनच सुखरूप परतल्या. एवढ्या महत्त्वाकांक्षी, जेमतेम तिशीच्या कारभाऱ्याने त्या वाटेने न येता वर्षानुवर्षे गप्प बसावे, याचे पटेलसे कारण आजवर कोणी दिलेले नाही.

तरीही अंत्यविधी झाला नाही. प्रेत नव्हते म्हणून, असे उत्तर सहज दिले जाते; ते टिकत नाही. परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, अशी सोय धर्मशास्त्रात होतीच. (आपला कायदा सात वर्षांत मृत्यू गृहीत धरतो: १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८, तेच आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे.) बारा वर्षे १७७३ मध्ये भरली. त्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यांचे काका राघोबादादा गादीवर बसले, आणि पुढच्या वर्षी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने बारभाई या कारभाऱ्यांच्या मंडळाला कारभार हाकावा लागला. घराण्यातला कर्ता पुरुष म्हणून भाऊंचे नाव तेव्हा पुष्कळांना हवे होते. पार्वतीबाईंच्या श्रद्धेला मी कमी लेखत नाही. पण त्यांच्या कुंकवाला पेशव्यांच्या वाड्यात मान होता, आणि बाहेरच्या जगाने त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला.

पुढे उभ्या राहिलेल्या भाऊंच्या तोतयाचे बळ इथे होते. कनोजी ब्राह्मण सुखनिधान आपण भाऊ असल्याचे सांगू लागला तेव्हा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अमदानीत त्याची चौकशी होऊन तो कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्याने त्याला बाहेर काढले आणि बघता बघता कोकणातला बराच मुलूख त्याच्या हाती गेला. लोकांना खरेच भाऊ जिवंत वाटत होते, असे यावरून म्हणतात. काहींना वाटतही असेल. पण महादजी शिंद्यांची फौज चालून येताच बंड मोडले, पळणाऱ्याला कुलाब्याच्या आंग्र्यांनी धरले. अढळ श्रद्धेवर उभा असलेला पक्ष इतक्या लवकर विरघळत नाही. बारभाईंविरुद्धचा असंतोष नाव शोधत होता, त्याला भाऊंचे नाव सापडले.

पुण्यात साक्षी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये तोतयाला देहान्त शासन झाले. त्या चौकशीने एवढेच ठरवले की समोर उभा असलेला माणूस भाऊ नव्हे. भाऊ कुठे आहेत, या प्रश्नाला तिने हात घातला नाही. पार्वतीबाईंचे सौभाग्य त्यानंतरही सात वर्षे तसेच राहिले. १७८३ मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर भाऊंचेही उत्तरकार्य उरकण्यात आले.