कोशिंबिरीची चव कूट-फोडणीत

काकडी, मुळा, टोमॅटो, पातीचा कांदा आपण पिकवतो, भल्या पहाटे बाजारात नेतो. पण आपल्याच ताटात कच्ची भाजी येते किती? चार फोडी काकडी, नाहीतर बुक्कीने फोडलेला कांदा. नुसत्या फोडींना पोरंसोरं हात लावत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाव्यात असे सांगते. तेवढे पोटात जायचे तर कच्च्या भाजीला चव हवी.

बाटली कशाला?

शहरात सॅलडवर ओतायच्या बाटल्या मिळतात. त्यात बहुधा तेल, आंबट, मीठ, साखर, मोहरी हेच असते. आपल्याकडे हे काम दाण्याचे कूट, दही, लिंबू आणि फोडणी करतात. घाटावर मेथी किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून कूट, तिखट-मीठ, कच्चे तेल घालून घोळाणा करतात. कोकणात ओले खोबरे पडते. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत कांद्यावर सिरका असतो. कुणाला दह्यातली आवडते, कुणाला लिंबाची. घराघराची चव वेगळी, पण सूत्र एकच: थोडा स्निग्धांश, थोडे आंबट, बेताचे मीठ.

यात नुसती चव नाही. गाजर आणि पालेभाजीतले कॅरोटीन शरीरात जिरायला स्निग्ध पदार्थ लागतो. शेंगदाण्यात वजनाने निम्म्याच्या आसपास तेल आणि सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात. लिंबातले क जीवनसत्त्व भाकरी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ महिलांत रक्त कमी आढळले. रक्त कमी असेल तर औषध डॉक्टरांचेच घ्या; पण जेवताना लिंबू पिळायला काय हरकत आहे?

करायची रीत

दोन मध्यम काकड्यांना चार चमचे कूट, अर्धे लिंबू, अर्धा चमचा साखर, एक हिरवी मिरची, कोथिंबीर घ्या. दोन चमचे तेलात मोहरी-हिंगाची फोडणी करा. फोडणी जरा निवल्यावर ओता, लिंबू त्यानंतर पिळा. उष्णतेने क जीवनसत्त्व घटते. दह्याची करायची तर लिंबू नको.

मीठ मात्र अगदी पानावर वाढताना. काकडीत ९५ टक्के पाणीच असते. मीठ आधी पडले की ते पाणी सुटते आणि कोशिंबिरीचे सार होते. रानात न्यायची असेल तर चिरलेली भाजी एका डब्यात, कूट-मीठ दुसऱ्यात. पाणी सुटलेच तर फेकू नका, थालीपिठाचे पीठ त्यात भिजवा.

कूट आठवड्यापुरतेच करा. बुरशी लागलेले, काळपट, कडवट दाणे निवडून टाका. अशा दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते, आणि ते घरच्या भाजण्याने पुरते जात नाही.

कच्चे खायचे तर जपून

नाल्याच्या, गटाराच्या पाण्यावर पिकलेली भाजी कच्ची खाणे म्हणजे जंत, टायफॉइड, कावीळ यांना आमंत्रण. असे पाणी कच्च्या खायच्या भाजीला देऊ नका. फवारणीनंतर औषधाच्या लेबलवर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय तोडणी नको. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात भिनते, ते वरून धुऊन जात नाही. आणि भाव चांगला आहे म्हणून दोन दिवस आधी तोडलेली काकडी दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात जाते, हे विसरू नका. घरीसुद्धा भाजी आधी वाहत्या पाण्यात चोळून धुवा, मग चिरा. काकडी कडू लागली तर ती टाकूनच द्या.

दारातले गिऱ्हाईक

विरार पूर्वेचा मनवेलपाडा पाहा. वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, आणि आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत. नोकरीहून रात्री परतणाऱ्या बाईला निवडायला-आणायला वेळ नसतो. तिच्यासाठी दोन काकड्या, दोन टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू असा कोशिंबिरीचा एकच वाटा बांधून विकून बघा. सुटी मिरची-कोथिंबीर फुकट मागितली जाते, वाट्यात तिची किंमत येते. पहिले काही दिवस थोडेच वाटे बांधा, खप पाहून वाढवा.

बचत गटाला सोबत कुटाची पुडी ठेवता येईल. मात्र २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यानुसार छोट्या व्यवसायालाही नोंदणी लागते. ग्रामसेवकांनी गटांना तो अर्ज भरून द्यायला मदत करावी. अंगणवाडी ताईंनी परसबागेतली काकडी नुसती न देता कूट-लिंबू लावून मुलांपुढे ठेवावी.

पिकवणाऱ्याने आधी स्वतः खावे. आज रात्रीच्या जेवणापासूनच सुरुवात करा.