रोनाल्डोच्या संघाआधी एक ‘पेपर’. आशियाई फुटबॉलची पात्रता फेरी असते तरी कशी?

क्रिस्तियानो रोनाल्डोचा अल नासर आणि एफसी गोवा एकाच गटात! २०२५ मध्ये या बातमीने फुटबॉलप्रेमी खूश झाले. पण त्याआधी गोव्याला एएफसी चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता फेरीचा पेपर द्यावा लागला होता.

ही फेरी कशासाठी?
कोणत्या देशाच्या किती क्लबना थेट प्रवेश द्यायचा, हे आशियाई क्रमवारीवरून ठरतं. २०२५ मध्ये भारताला थेट जागा एकच होती. ती आयएसएल शिल्ड जिंकणाऱ्या मोहन बागानला मिळाली. सुपर कप विजेत्या गोव्याच्या वाट्याला पात्रता सामना आला.

नियम काय?
घरी एक, बाहेर एक असा हिशेब नाही. एकच सामना. बरोबरी झाली तर जादा वेळ, मग पेनल्टी. १३ ऑगस्टला गोव्याने ओमानच्या अल सीबला २-१ने हरवलं.

हरलं तर?
२०२४ मध्ये ईस्ट बंगाल कोलकात्यात तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असिरकडून २-३ने हरला. त्याची रवानगी थेट खालच्या स्तरावरच्या चॅलेंज लीगमध्ये झाली.

जिंकून काय मिळतं?
गटातले सहा सामने, त्यातले तीन घरी. २२ ऑक्टोबरला अल नासर फातोर्ड्यात खेळला. रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ने हरला. पण गोव्याचा तो गोल केला गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने. अल सीबविरुद्ध निकाल उलटा लागला असता, तर ही संधी त्याला मिळालीच नसती.